पाठांतर नको, हिशेब हवा : दहावीच्या रसायनाची उजळणी

परीक्षा जवळ आली की दहावीच्या मुलामुलींची एक तक्रार घरोघरी ऐकू येते, "बाकी सगळं जमतं, पण रसायनाची समीकरणं लक्षातच राहत नाहीत." आईवडिलांनी रसायनशास्त्र शिकलेले असतेच असे नाही. शिकवणी लावावी तर पैशांचा प्रश्न येतो. मग मूल एकटेच रात्री उशिरापर्यंत घोकत बसते आणि ऐन पेपरात आकडा इकडचा तिकडे होतो.

पालकहो, आमचे सांगणे एवढेच आहे की रसायन हा घोकण्याचा विषय नाही, तो हिशेबाचा विषय आहे. आणि हिशेब आपल्या घरांना नवा नाही.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १ या पुस्तकात दहा प्रकरणे आहेत. त्यांतील चार रसायनाची : मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया व समीकरणे, धातुविज्ञान आणि कार्बनी संयुगे. या चारही प्रकरणांच्या मुळाशी थोड्याच गोष्टी आहेत. त्या पक्क्या केल्या की पुढचे बरेचसे आपोआप सुटते.

पहिली गोष्ट : संयुजा

अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत, यावर त्याचे वागणे ठरते. हे कवच आठ इलेक्ट्रॉनांनी पूर्ण झाले की अणू स्थिर होतो. सोडिअमचे इलेक्ट्रॉन २, ८, १ असे मांडलेले असतात. बाहेरचा एक देऊन टाकणे त्याला सोपे. क्लोरिनचे २, ८, ७ असे असतात. त्याला एक हवाच असतो. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, आणि तयार झाले ते आपले रोजचे मीठ. दिलेल्या किंवा घेतलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या म्हणजेच संयुजा.

संयुजा कळली की रेणुसूत्र पाठ करावे लागत नाही. ॲल्युमिनिअमची संयुजा ३, ऑक्सिजनची २. आकड्यांची अदलाबदल करा : ॲल्युमिनिअमचे २ अणू, ऑक्सिजनचे ३. दिले ६, घेतले ६. हिशेब जुळला. दोन्ही आकडे सारखे असतील, जसे मॅग्नेशिअम २ आणि ऑक्सिजन २, तर त्यांना संक्षेप देऊन एकास एक लिहावे. येथे पुष्कळ मुले चुकतात.

आवर्तसारणीही हाच हिशेब सांगते. मेंडेलीव्हने १८६९ साली मूलद्रव्यांची मांडणी अणुवस्तुमानानुसार केली. पुढे १९१३ साली मोस्लेने अणुअंक हाच खरा आधार असल्याचे दाखविले. आज सारणीत ११८ मूलद्रव्ये, ७ आवर्त आणि १८ गण आहेत. एका गणातील मूलद्रव्यांच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉन सारखे, म्हणून त्यांची संयुजा सारखी आणि स्वभावही सारखा.

दुसरी गोष्ट : समीकरणाचा तोल

अभिक्रियेत अणू नाहीसा होत नाही, नवा जन्मतही नाही. तो फक्त जोडीदार बदलतो. म्हणून बाणाच्या डावीकडे प्रत्येक मूलद्रव्याचे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे असले पाहिजेत.

पाण्याचे उदाहरण घ्या. हायड्रोजनच्या रेणूत २ अणू, ऑक्सिजनच्या रेणूतही २ अणू. पण पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एकच. मग उरलेला ऑक्सिजन कोठे गेला? मुले घाईने पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनपुढे २ लिहितात. तसे केले की ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होते, जे जखम धुण्यासाठी वापरले जात असे. म्हणून नियम असा : सूत्रातला लहान आकडा कधीही बदलू नये, सूत्राच्या आधी मोठा आकडा लिहावा. हायड्रोजनचे २ रेणू आणि ऑक्सिजनचा १ रेणू मिळून पाण्याचे २ रेणू. डावीकडे हायड्रोजनचे ४ अणू, उजवीकडे ४. ऑक्सिजनचे डावीकडे २, उजवीकडे २.

तिसरी गोष्ट : अभिक्रियांचे प्रकार

हे प्रकार चुन्यावरून छान लक्षात राहतात. भट्टीत चुनखडी तापविली की तिचे कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड असे दोन पदार्थ होतात. हे अपघटन. जयंतीच्या आधी घराला चुना द्यायचा म्हणून आपण कळीचा चुना पाण्यात विरवतो, तेव्हा दोन पदार्थांचा एक होतो. हा संयोग. त्या वेळी पिंप गरम होते, कारण अभिक्रियेतून उष्णता बाहेर पडते. (मुलांना तेव्हा दूर ठेवावे, चुना डोळ्यांत उडाला तर इजा होते.) पुढे दोन-तीन दिवसांत भिंतीवरचा चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतो आणि पुन्हा चुनखडीच बनतो. म्हणून भिंतीला चकाकी येते. भट्टीत गेलेला दगड भिंतीवर परत आला, वाटेत एकही अणू हरवला नाही!

विस्थापनासाठी मोरचूद आठवावे. त्याच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवला की निळा रंग फिका होऊन हिरवट होतो आणि खिळ्यावर तांबूस थर चढतो. लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील, म्हणून त्याने तांब्याची जागा घेतली. दुहेरी विस्थापनात दोन संयुगे आपापले आयन बदलतात. सिल्व्हर नायट्रेट आणि मिठाच्या द्रावणांपासून सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका मिळतो, हे त्याचे नेहमीचे उदाहरण.

चौथी गोष्ट : आम्ल, आम्लारी आणि गंज

लिंबू, चिंच, दही आम्लधर्मी. साबण, चुना, धुण्याचा सोडा आम्लारिधर्मी. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो, कारण हळद ही दर्शक आहे. सामू ७ म्हणजे उदासीन, ७ पेक्षा कमी ते आम्ल, जास्त ते आम्लारी. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार व पाणी तयार होते.

येथे परीक्षेपलीकडची एक गोष्ट सांगितली पाहिजे. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो. सफाईचे काम करणाऱ्या आपल्या माणसांना ही माहिती मुलांनीच द्यावी.

लोखंड गंजते ते ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे. ऑक्सिजन मिळणे किंवा इलेक्ट्रॉन जाणे म्हणजे ऑक्सिडीकरण. याच्या उलट ते क्षपण. पत्र्याच्या घराचा पत्रा लवकर गंजत नाही, कारण त्यावर जस्ताचा थर असतो. जस्त लोखंडापेक्षा क्रियाशील असल्याने आधी तेच झिजते. तांब्याच्या कळकट भांड्यावरचा हिरवट थर चिंचेतील आम्लात विरघळतो. "शास्त्रीय कारणे लिहा" या प्रश्नात असेच विचारले जाते.

घरच्यांनी काय करावे?

पालकांना उत्तर येण्याची गरज नाही. वही हाती धरून "का?" एवढे विचारले तरी पुरे. मुलाने पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत समजावून सांगावे. जेथे अडखळेल तेथे खूण करावी आणि तेवढाच भाग दुसऱ्या दिवशी शाळेत विचारावा. रोज पाच समीकरणे लिहून त्यांचा तोल साधावा, वाचून नव्हे.

आज रात्री हे पाच प्रश्न विचारून पाहा :

१) कॅल्शिअमची संयुजा २ आणि क्लोरिनची १, तर कॅल्शिअम क्लोराइडमध्ये क्लोरिनचे अणू किती?
२) मॅग्नेशिअम ऑक्सिजनमध्ये जळते, त्याचे समीकरण संतुलित करा.
३) फेरस सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार ठेवली तर काय होईल?
४) सोडिअम रॉकेलमध्ये का ठेवतात?
५) सामू ५ आणि सामू ९, यांतील आम्ल कोणते?

उत्तरे : १) दोन. २) मॅग्नेशिअमचे २ अणू व ऑक्सिजनचा १ रेणू यांपासून मॅग्नेशिअम ऑक्साइडचे २ रेणू. ३) काहीच नाही, कारण तांबे लोखंडापेक्षा कमी क्रियाशील आहे. ४) हवेतील ऑक्सिजन व ओलाव्याशी त्याची जलद अभिक्रिया होते म्हणून. ५) सामू ५.

पाचांपैकी तीन आली तरी मुलाच्या पाठीवर थाप द्यावी. राहिलेली दोन उद्याच्या अभ्यासाची.