प्रौढ वयांत व्यायाम कां सुटतो ?

शाळेच्या क्रीडादिनीं धांवणारीं मुलें पाहून कडेला बसलेले एखादे वडील हटकून म्हणतात, "आमच्या वेळीं आम्हीही असेच धांवत होतों !" त्या उद्गारांत कौतुक असतें, तशी थोडी हुरहूरही असते. तेच गृहस्थ दोन जिने चढतांच कठडा धरून उभे राहतात. चाळिशीच्या सुमारास व्यायाम कां सुटतो, याचा येथें थोडा विचार करूं.

पहिलें कारण वेळेचा अभाव. तें अगदींच खोटें नाहीं. एका बाजूस मुलांचें शिक्षण, दुसऱ्या बाजूस वृद्ध आईबापांची शुश्रूषा आणि मध्यें नोकरी व प्रवास. मातांची अडचण तर याहून बिकट. त्यांच्या दिवसांत स्वतःची म्हणावी अशी घटकाच नसते. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासांत असें दिसलें कीं, २०२२ सालीं भारतांतील सुमारें निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते; त्यांत स्त्रियांचें प्रमाण पुरुषांहून अधिक होतें.

दुसरें कारण म्हणजे एक गैरसमज. "दिवसभर दमलों, आतां व्यायाम कशाला ?" असें आपण म्हणतों. परंतु खुर्चीवर बसून येणारा थकवा बहुधा मनाचा असतो. शरीर बिनकामाचेंच राहतें. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून डॉ. जेरी मॉरिस यांनीं १९५३ सालीं दाखविलें कीं, बसून गाडी हांकणाऱ्या चालकांपेक्षां दिवसभर जिना चढणाऱ्या वाहकांस हृदयविकार कमी होतो. पुढील संशोधनानेंही हालचालीचें महत्त्व दृढ केलें.

तिसरें कारण अतिउत्साह. दसऱ्याच्या मुहूर्तावर निश्चय होतो, पहिल्याच दिवशीं विशीतल्याप्रमाणें जोर-बैठका काढल्या जातात, दुसऱ्या दिवशीं अंग ठणकतें आणि आठवड्याच्या आंत निश्चय मावळतो. तिशीनंतर स्नायूंचें बळ हळूहळू घटूं लागतें, हें अशा वेळीं कोणी ध्यानांत घेत नाहीं. मग चारचौघांत हंसें होईल ही लाज आड येते.

यावर उपाय साधा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांसाठीं आठवड्यास किमान १५० मिनिटें मध्यम श्रमाची हालचाल सांगितली. झपझप चालणेंही त्यांत आलें. म्हणजे दररोज सुमारें २२ मिनिटें. तीं सलग असावींत असाही आग्रह नाहीं. संवयीविषयीं लंडन येथें झालेल्या व २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत नवी संवय अंगीं बाणण्यास साधारणतः ६६ दिवस लागले, आणि मध्येंच एखादा दिवस चुकल्यानें विशेष बिघडलें नाहीं. तेव्हां एक दिवस खंड पडला म्हणून सर्वच सोडून देणें शहाणपणाचें नव्हे. ज्यांस हृदयविकार, मधुमेह यांसारखी व्याधि आहे, त्यांनीं मात्र आधीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

विद्यार्थी मित्रहो, येथें तुमचेंही कांहीं कर्तव्य आहे. जेवणानंतर वडिलांचा हात धरून त्यांना फिरावयास न्या. सायंकाळीं भांडीं तुम्हीं घांसा, म्हणजे आईला चालावयास अर्धा तास मिळेल. ज्यांनीं तुम्हांस पहिलें पाऊल टाकावयास शिकविलें, त्यांचीं पावलें थांबूं न देणें हें आतां तुमच्या हातीं आहे.