280 किलोमीटरचा एक तास

मुंबईत पार्ले पूर्वेतल्या आमच्या घरापासून टर्मिनल 1 रिक्षाने दहा मिनिटांवर. छत्रपती संभाजीनगरला मावशीकडे निघालो की शेजारी विचारतात, "विमानाने किती वेळ लागतो?" तिकिटावर साधारण तासाभराचा वेळ असतो. तिथला चिकलठाणा विमानतळ इथून सरळ रेषेत सुमारे 280 किलोमीटर. जेट विमान ताशी 800 किलोमीटरने जातं, म्हणजे हिशेबाने एकवीस मिनिटं. मग उरलेला वेळ जातो कुठे? या खेपेला घड्याळ आणि वही घेऊन खिडकीशी बसलो.

विमान कंपन्या मोजतात तो 'ब्लॉक टाइम'. चाकांचे ठोकळे काढून विमान जागचं हललं की तो सुरू होतो आणि मुक्कामी विमान जागेवर उभं राहिलं की संपतो. दार बंद झालं, टगने विमान मागे ढकललं, तेव्हा मी वहीत शून्य लिहिलं. पुढे चार विमानांची रांग होती. मुंबईच्या 09/27 आणि 14/32 या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. एक विमान उतरतं, एक उडतं, मागची थांबतात. आमची चाकं जमिनीवरून सुटली ती एकोणिसाव्या मिनिटाला.

जायचं होतं पूर्वेला, पण विमान झेपावलं पश्चिमेला. उड्डाण वाऱ्याला तोंड देऊन करतात आणि इथे वारा बहुतेक वेळा समुद्रावरून येतो. जुहूचा किनारा मागे पडला, पाण्यावर मोठं वळण झालं, तेव्हा कुठे सह्याद्री समोर आला. चढण संपते न संपते तोच उतरण्याची सूचना झाली. पूर्ण वेग मिळाला तो जेमतेम काही मिनिटं. बासष्टाव्या मिनिटाला चाकं चिकलठाण्याला टेकली, सहासष्टाव्याला विमान थांबलं. हवेत 43 मिनिटं, जमिनीवर 23. हवेतला सरासरी वेग ताशी 390 किलोमीटर पडला; ब्लॉक टाइम धरला तर 255.

पूर्वी असं नव्हतं. पार्ल्याला लागूनच असलेल्या जुहूच्या विमानतळावर 15 ऑक्टोबर 1932 रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले होते. सकाळी 6.35 ला निघालेलं त्यांचं पस मॉथ विमान वाटेत अहमदाबादला इंधन घेऊन दुपारी 1.50 ला पोहोचलं. ताशी सुमारे 160 किलोमीटरच्या त्या विमानाचा बहुतेक वेळ हवेतच गेला. आज हवेतला वेळ आटला आहे आणि जमिनीवरचा वाढला आहे.

म्हणून प्रवास दारापासून दारापर्यंत मोजावा. पार्ल्यातलं घर ते सिडकोतलं मावशीचं घर, मला साडेतीन तास लागले. मनमाडमार्गे रेल्वेचे 375 किलोमीटर सहा-सात तासांचे. निम्मा वेळ वाचतो, पण सकाळी जाऊन संध्याकाळी परतता आलं तरच त्याचा उपयोग.

विमान आणखी वेगवान झालं तरी या वाटेवर चार-दोन मिनिटंच वाचतील. खरी टंचाई आहे ती मुंबईच्या धावपट्टीवरच्या वेळेची. संभाजीनगर, कोल्हापूर, नांदेड, जळगाव या आपल्या शहरांसाठी तिथली सकाळ-संध्याकाळची वेळ राखून ठेवायला हवी.