चांगली माणसं का कोसळतात? शोकांतिकेतल्या नायकाचा 'तो' एक दोष

नाटक किंवा सिनेमा बघताना 'अरे, असं करू नकोस!' हे तुमच्याही मनात कधीतरी आलं असेल. समोरचा नायक चांगला असतो, हुशार असतो, तरीही स्वतःच्याच हाताने सगळं उद्ध्वस्त करतो. खलनायक हरला की आपण टाळ्या वाजवतो. मग हा नायक कोसळला की डोळ्यांत पाणी का येतं?

सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स' या ग्रंथात याचं उत्तर दिलं. त्याच्या मते शोकांतिकेचा नायक अगदी संत नसावा आणि दुष्टही नसावा. त्याचा नाश व्हावा तो एका 'हॅमार्शिया'मुळे. या ग्रीक शब्दाच्या मुळाशी 'नेम चुकणे' हा अर्थ आहे. पुढे अनेक अभ्यासकांनी त्याचा अर्थ 'स्वभावातला घातक दोष' असा लावला.

गंमत म्हणजे, हा दोष बऱ्याचदा नायकाच्या गुणातच लपलेला असतो. तीन उदाहरणं पाहा.

ईडिपस : सत्याचा हट्ट
सोफोक्लीजच्या नाटकातल्या ईडिपसने स्फिंक्सचं कोडं सोडवून थीब्ज शहर वाचवलेलं असतं. पुढे शहरात रोगराई पसरते, तेव्हा तो आधीच्या राजाच्या खुन्याचा शोध घेऊ लागतो. खुनी आपणच आणि मेलेला राजा आपलाच बाप, हे कळेपर्यंत तो थांबत नाही. ज्या जिद्दीने शहर वाचलं, तीच त्याला या सत्यापर्यंत ओढत नेते.

ऑथेल्लो : झटपट निर्णय
शेक्सपिअरचा ऑथेल्लो शूर सेनापती आहे. रणांगणावर चटकन निर्णय घ्यावाच लागतो. पण इयागोच्या सांगण्यावरून आणि एका रुमालावरून तो पत्नी डेस्डिमोनाबद्दलही तसाच निर्णय घेतो आणि तिचा जीव घेतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हीच कथा 'झुंझारराव' या नाटकातून मराठीत आणली.

सुधाकर : दुखावलेला अभिमान
राम गणेश गडकरींच्या 'एकच प्याला'मधल्या सुधाकरचा दोष विचारला, तर तुम्ही लगेच 'दारू' म्हणाल. पण पहिल्या प्याल्याआधी काय घडतं ते आठवा. हुशार, मानी वकील असलेल्या सुधाकरची सनद काही काळासाठी रद्द होते. तो अपमान त्याला गिळता येत नाही आणि नेमका तेव्हाच तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो. म्हणजे नेम आधी अभिमानापाशी चुकतो, दारू नंतर येते. त्याची किंमत मात्र सिंधू आणि तिचं तान्हं बाळही मोजतं.

यातून आपण काय घ्यायचं?
या तिघांनाही सावध करणारं कुणीतरी होतं. ईडिपसला जोकास्टा अडवत होती, डेस्डिमोना निर्दोष आहे हे एमिलिया ऑथेल्लोला सांगत होती, सुधाकरला रामलाल समजावत होता. पण आपल्या गुणावर फार विश्वास असला की दुसऱ्याचं बोलणं कानापर्यंत पोहोचत नाही.

आपले दोष आपल्याला साधारण माहीत असतात, गुणांकडे मात्र आपण संशयाने बघत नाही. तुमचा स्पष्टवक्तेपणा कुणाला टोचतो का? तुमची काळजी कुणाला जाच वाटते का? आज घरच्यांना एकदा विचारून बघा. उत्तर आवडलं नाही, तरी शेवटपर्यंत ऐकून घ्या.