स्प्रिंगफील्डचे विनोद, तीस वर्षांनी

‘द सिम्प्सन्स’ ही अमेरिकन कार्टून मालिका फॉक्स वाहिनीवर डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली आणि अजून चालूच आहे. स्प्रिंगफील्ड गावातलं जोडपं होमर आणि मार्ज, त्यांची मुलं बार्ट, लिसा आणि चोखणी तोंडात धरलेली मॅगी, यांची वयं तिथेच थांबली. जग मात्र पुढे गेलं. म्हणूनच जुने भाग आज पाहताना काही ठिकाणी हसू येतच नाही आणि काही ठिकाणी भलत्याच माणसाचा कळवळा येतो.

सर्वांत लवकर शिळा होतो तो बातमीवरचा विनोद. जानेवारी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश भाषणात म्हणाले, की अमेरिकन कुटुंबं सिम्प्सन्ससारखी कमी आणि वॉल्टन्ससारखी जास्त असावीत. ‘द वॉल्टन्स’ ही १९३० च्या दशकातल्या महामंदीत तग धरून राहिलेल्या एका सोज्ज्वळ कुटुंबाची मालिका. काही दिवसांतच एका जुन्या भागाच्या पुनर्प्रक्षेपणाला छोटं दृश्य जोडलं गेलं. त्यात बार्ट म्हणतो, आम्हीही वॉल्टन्ससारखेच आहोत, आम्हीही मंदी संपण्याची प्रार्थना करतोय. तेव्हा अमेरिका खरोखरच मंदीच्या परिणामांनी गांजलेली होती, त्यामुळे हा टोला वर्मी बसला. आजच्या विशीतल्या प्रेक्षकाला मात्र आधी भाषण, मग ती मालिका, मग ती मंदी समजावून सांगावी लागते. शिवाय ज्या भागाला ते दृश्य जोडलं, त्यात मायकल जॅक्सनचा आवाज होता. त्याच्यावरच्या बाललैंगिक अत्याचाराच्या आरोपांवर माहितीपट आल्यानंतर, २०१९ मध्ये निर्मात्यांनी तो भागच प्रसारणातून काढून घेतला.

काही विनोद विझत नाहीत, उलटतात. १९९७ मधल्या ‘होमर्स एनिमी’ या भागात, होमर काम करतो त्या अणुवीज प्रकल्पावर फ्रँक ग्राइम्स नावाचा नवा कर्मचारी येतो. लहानपणापासून खस्ता खाऊन शिकलेला हा माणूस राहतो अशा जागेत, जिच्या वरही बोलिंग ॲली आहे आणि खालीही. होमर त्याला घरी जेवायला बोलावतो. दुमजली घर, दोन गाड्या, तीन मुलं, जेवायला लॉब्स्टर, आणि हे सगळं कामावर डुलक्या काढणाऱ्या एकट्या माणसाच्या पगारावर! ग्राइम्स चक्रावतो, मग संतापतो. कार्टूनच्या जगात चुकून शिरलेला खराखुरा माणूस, अशीच ही व्यक्तिरेखा लेखकांनी रचली होती. होमरचं घर तेव्हाच्या प्रेक्षकाच्या नजरेला सरावलेलं होतं; विचित्र वाटायचा तो आदळआपट करणारा ग्राइम्स. आज घरांच्या किमती पगारांच्या फार पुढे निघून गेल्यावर अमेरिकेतला तरुण प्रेक्षक ग्राइम्सच्या शेजारी जाऊन उभा राहतो. संवादातलं एक अक्षरही बदललेलं नाही.

भारतीय प्रेक्षकाला यातलं सर्वांत जवळचं प्रकरण म्हणजे किराणा दुकानदार अपू. सत्यजित राय यांच्या चित्रपटांतल्या अपूवरून त्याचं नाव ठेवलं, पण त्याला आवाज दिला हँक अझारिया या गोऱ्या नटाने. अपूच्या भारतीय हेलावर अमेरिका हसली. तिथल्या शाळांत वाढणाऱ्या भारतीय मुलांना मात्र तोच हेल काढून चिडवलं जाई. हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या विनोदकाराने २०१७ मध्ये माहितीपट काढून हे दुखणं मांडलं. पुढच्या वर्षी मालिकेने लिसाच्या तोंडून उत्तर दिलं: पूर्वी वाहवा मिळवणारी गोष्ट आता गैर ठरते, त्याला काय करणार? हे उत्तर लंगडं होतं, आणि दुबळ्यांसाठी नेहमी भांडणाऱ्या लिसाच्या तोंडी ते घातल्याने अधिकच खुपलं. २०२० मध्ये अझारियांनी अपूचा आवाज सोडल्याचं जाहीर केलं.

पण याच अपूचा १९९६ मधला एक भाग आजही ताजा आहे. गावात एकच अस्वल येतं. लोक ओरड करतात, महापौर अस्वलांसाठी गस्तीपथक नेमतो. त्याचा खर्च करात दिसताच पुन्हा ओरड होते, तेव्हा महापौर सगळं खापर बेकायदा स्थलांतरितांवर फोडतो आणि लोक ते मानतात. अपूवर देश सोडायची पाळी येते, म्हणून तो नागरिकत्वाच्या परीक्षेला बसतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं कारण विचारल्यावर तो त्याची बारीकसारीक कारणं उलगडू लागतो. परीक्षक त्याला मध्येच थांबवतो आणि ‘गुलामगिरी’ एवढंच म्हण, असं सांगतो. हेल तोच आहे, आवाजही अझारियांचाच, पण इथे हसू येतं ते परीक्षकाचं.