नंदी हिल्सच्या वाटेवर सायकल दिसली तर

बेंगळुरूहून पहाटे नंदी हिल्सला निघालात, तर घाटात सायकलस्वार भेटणारच. पुढचा रस्ता दिसत नसेल अशा वळणावर ओव्हरटेक करायला कायद्यानेच मनाई आहे. जर्मनीत तर २०२० पासून सायकलपासूनचं अंतरही ठरलेलं आहे: शहरात किमान १.५ मीटर, बाहेर २. आपणही तेवढं सोडूया. चढावर दमलेल्या माणसाचं हँडल डुलतं, खड्डा आला की तो हातभर उजवीकडे सरकतो. जागा नसेल तर गिअर उतरवा, मागे राहा. आणि कृपा करून अगदी पाठीशी येऊन हॉर्न वाजवू नका, माणूस दचकतो! पुढे गेल्यावरही लगेच डावीकडे घुसू नका. आधी आरशात अख्खी सायकल दिसू द्या.