फाइल, ओळ, अक्षर

रस्ट भाषेतल्या प्रोग्राममध्ये चूक असली की ‘कार्गो’ हे त्या भाषेचे बिल्ड टूल चूक का झाली ते सांगते आणि खाली छोटा बाण काढून पत्ता देते: फाइलचे नाव, मग १२, मग ९, मध्ये विसर्गासारखी दोन टिंबे. म्हणजे बाराव्या ओळीतले नववे अक्षर. ‘व्हिम’सारख्या साध्या टेक्स्ट एडिटरला रस्टचे व्याकरण कळत नाही, पण एवढा पत्ता त्याला पुरतो. त्याच्या ‘मेक’ या आज्ञेला कार्गो जोडून दिले की तो कार्गोचे सगळे संदेश गोळा करतो, त्यातले पत्ते वेचतो आणि कर्सर थेट पहिल्या चुकीवर नेऊन ठेवतो. ही कल्पना व्हिमने अमिगा संगणकावरच्या अ‍ॅझ्टेक सी कंपायलरवरून घेतली. रस्टची पहिली स्थिर आवृत्ती आली थेट २०१५ मध्ये. इतक्या उशिरा आलेली भाषा त्या जुन्या सोयीत सहज बसते, कारण दोघांनी आपसात ठरवायचे फारच थोडे आहे. जोडणी टिकते ती त्यामुळेच.

आता एडिटर टाइप करता करताच चूक दाखवतात, मग बिल्ड टूलचे म्हणणे ऐकायचे कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण ती सोय पुरवणारे रस्ट-अ‍ॅनालायझरसुद्धा फाइल सेव्ह होताच मागच्या मागे ‘कार्गो चेक’ चालवते आणि त्याचा निकाल एडिटरला कळवते. कोणत्या लायब्ररीची कोणती आवृत्ती धरायची, हे कार्गोच ठरवते ना! अशी साधने आणि एडिटर एकमेकांशी बोलतात तो मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये मांडलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हाही एक करारच आहे. दहा एडिटर आणि दहा भाषांसाठी शंभर जोडण्या लागल्या असत्या, त्या वीसवर आल्या.

साध्या मजकुरात दिलेला पत्ता फसवतो, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि मराठीत तो लगेच जाणवतो. एखाद्या ओळीत चुकीच्या आधी ‘नमस्कार’ हा शब्द आला आहे असे धरा. काना आणि हलन्त वेगळे मोजले तर युनिकोडमध्ये त्याचे ७ वर्ण होतात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २१. रस्टचा कंपायलर वर्ण मोजतो, व्हिम तोच आकडा बाइट समजून वाचतो, आणि कर्सर १४ बाइट अलीकडेच थांबतो. हे टाळायला एडिटरला अख्खी भाषा शिकवायची गरज नाही. मोजमापाचे एकक ठरले की झाले. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलच्या ३.१७ या आवृत्तीने २०२२ मध्ये नेमकी तीच सोय केली: अंतर कशात मोजायचे, हे दोन्ही बाजूंना कामाला लागण्यापूर्वीच ठरवून घेता येते.