महाधमनीचा जंतुदूषित फुगवटा

आपल्या मुळशीच्या धरणाचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून व पुढें पोलादी नळांतून खालीं कोंकणांत भिरा येथील वीजगृहास जातें, हें आपणांस ठाऊक आहेच. असा नळ एखाद्या ठिकाणीं आंतून गंजून फुगूं लागला, तर केवढा अनर्थ होईल! तसाच अनर्थ मनुष्याच्या शरीरांतही संभवतो.

हृदयापासून निघून छाती व पोट यांतून जाणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीस महाधमनी म्हणतात. साल्मोनेला, स्टॅफिलोकोकस इत्यादि जंतु रक्तांतून वाहत येऊन कधीं कधीं तिच्या भिंतींत घर करितात. मग ती भिंत कुजते व रक्ताच्या दाबानें फुगते. ज्वर आणि पाठींत किंवा पोटांत वेदना, हीं याचीं नेहमींचीं चिन्हें होत. फुगवटा फुटल्यास रोगी बहुधा हातीं लागत नाहीं.

पूर्वी छाती वा पोट चिरून कुजलेला भाग काढावा व तेथें नवी नळी शिवावी, हाच मुख्य उपाय असे. तो आजही करितात. परंतु वृद्ध व क्षीण रोग्यांस तो सोसणें कठीण. १९८७ सालीं खार्किव्ह येथें निकोलाय व्होलोदोस यांनीं व १९९० सालीं ब्युनोस आयरिस येथें हुआन पारोदी यांनीं निराळी वाट दाखविली. धातूच्या जाळीवर कापड चढवून केलेली, मिटलेली नळी जांघेंतील धमनींतून वर न्यावयाची व क्षकिरणांच्या साह्यानें फुगवट्याच्या जागीं उघडावयाची. रक्त नव्या नळींतून वाहूं लागतें व दुबळ्या भिंतीवरील दाब उतरतो. हाच उपाय पुढें जंतुदूषित फुगवट्यासही योजण्यांत आला.

परंतु खरी अडचण येथेंच आहे. नळ सांधला, तरी गंज आंतच राहिला! युरोपांतील १६ केंद्रांमधील १२३ रोग्यांचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत महिन्याअखेर शेंकडा ९१ रोगी हयात होते; पांच वर्षांअखेर शेंकडा ५५. कित्येकांचा घात मागें उरलेल्या जंतूंनींच केला. यास्तव रक्त तपासून जंतु ओळखतात व त्यास लागू पडणारें औषध कित्येक महिने, क्वचित् जन्मभर देतात.

ताप उतरला कीं औषधाची बाटली फळीवर ठेवावयाची, ही आपल्या घरोघरची रीत आहे. पालकांनीं ती सोडावी, अशी आमची विनंती आहे. जखम लहान म्हणून रोग लहान नव्हे. वैद्याचें कौशल्य घटकाभराचें असतें. पुढील पथ्य मात्र रोग्यानें व त्याच्या घरच्यांनींच पाळावयाचें असतें.